आधी गाऱ्हाणं, मग आभार: ख्रिस्ती माणसाने आशा धरून राहण्याचा रोजचा क्रम

आमच्या घरच्या प्रार्थनेला येणाऱ्या बायकांकडून एकच गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली आहे. "ताई, सकाळी प्रार्थना करून उठते तेव्हा मन भरलेलं असतं, दुपारी बारा वाजेपर्यंत सगळं रितं होतं." यांचा विश्वास कमी असतो असं मला कधीच वाटलं नाही. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. मनात भीती आहे, राग आहे, आणि आपण थेट स्तुतीला सुरुवात करतो. जखम न धुता वर पट्टी बांधावी तसं होतं. वरून पांढरं दिसतं, आत चिघळत राहतं.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. सकाळची वीस मिनिटं, रात्रीची दहा मिनिटं आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसाचं दार, एवढंच यात आहे. प्रॉटेस्टंट असा की कॅथलिक, रविवारी उपासनेला जाता की मिस्साला, यातल्या पायऱ्या बदलत नाहीत.

## तयारी: बसण्याआधी चार गोष्टी

वेळ. "सवड मिळाली की" असं ठरवलंत तर ती मिळत नाही. रोज आपोआप घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला प्रार्थना बांधून टाका. गोव्यात त्याची ददात नाही. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, चर्चची घंटा वाजते. माझं बसणं भोंग्याला बांधलेलं आहे. पाव घ्यायचा, चहा ठेवायचा आणि चहा उकळेपर्यंत वही उघडायची. भोंगा ऐकू येत नसेल तर पहिली बस, नळाला पाणी येण्याची वेळ, काहीही चालेल.

जागा. एकच खुर्ची किंवा एकच पायरी ठरवा. ती घरच्या अल्तारासमोरच, म्हणजे वेदीसमोरच, हवी असं नाही. एका बाईंनी मागच्या दारी धुण्याच्या दगडाशेजारची जागा निवडली, कारण घरात तेवढीच जागा सासरच्या माणसांच्या नजरेबाहेर होती.

वही आणि पवित्र शास्त्र. दोनशे पानी साधी वही आणि छापील शास्त्र. फोनवरचं शास्त्र वाईट नाही, पण फोन हातात आला की त्याबरोबर निरोपही येतात, आणि सूर्योदयाच्या चित्रावर छापलेली चार वचनं तुमची सकाळ खाऊन टाकतात. या वीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत राहू दे.

भाषा. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते. नगर, कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्गाकडून येऊन वास्को, वेर्णा, फोंडा, म्हापसा इथे स्थिरावलेली आपली बरीच कुटुंबं रविवारी कोंकणी किंवा इंग्रजी उपासनेत बसतात. तिथे मनापासून बसावं, ती आपलीच मंडळी आहे. पण एकट्याची प्रार्थना त्या भाषेत करा, जिच्यात तुम्ही लहानपणी आईकडे रडत गेलात. इंग्रजीत "आय अ‍ॅम ब्लेस्ड" म्हणणं सोपं जातं, कारण ते शब्द खोल जातच नाहीत. "देवा, मला सोसवत नाही" म्हणताना घसा दाटतो. तो दाटलाच पाहिजे.

तपासणी: वेळ, जागा, वही आणि भाषा ठरली का? चारपैकी एक जरी "बघू" असेल तर आज पायरी 1 सुरू करू नका. आधी ते ठरवा.

## पायरी 1: आधी झोप, अन्न आणि अंग

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून पहिली ठेवली आहे. पवित्र शास्त्रातलं 1 राजे, अध्याय 19 उघडा. संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. परमेश्वराचा दूत येतो. तो एलीयाला समजावत नाही, वचन सांगत नाही, विश्वासाबद्दल बोलत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो आणि उठून खायला सांगतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. चाळीस दिवसांची वाट आणि होरेब डोंगरावरची ती मंद वाणी त्यानंतरची.

तेव्हा मन काळवंडलं असेल तर आधी हे तीन प्रश्न वहीत लिहा: गेल्या तीन रात्री किती तास झोपले? काल दोन्ही वेळा पोटभर जेवले का? कुठला आजार, कुठली गोळी अंगात आहे? मधुमेह, थायरॉइड, रक्त कमी असणं, बाळंतपणानंतरचे महिने, पाळी जाण्याची वर्षं, हे सगळं मनावर येतं. त्याचं उत्तर दवाखान्यात आहे. ते प्रार्थनेत शोधत बसलात की माणूस स्वतःच्या विश्वासावरच ठपका ठेवू लागतो.

इशारा: उपवास धरण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचाराच. जो आधीच नीट जेवत नाही त्याने उपवासाने मन हलकं होईल अशी आशा धरू नये. अशा दिवसांत शीत-कढी पोटभर खाणं हीसुद्धा आज्ञापालनाची गोष्ट आहे.

## पायरी 2: गाऱ्हाणं देवापुढे मांडा

सकाळच्या वीस मिनिटांपैकी पहिली सात या पायरीला द्या. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून मी इथे जास्त थांबणार आहे.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली एक-तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत. देवाने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात एवढं रडणं ठेवलं असेल तर आपण ते टाळून पुढे का जावं? स्तोत्र 13 फक्त सहा वचनांचं आहे आणि पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र 88 अंधारातच संपतं. त्याच्या शेवटी उजेडाची एकही ओळ नाही, तरी ते शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूने स्तोत्र 22 ची पहिली ओळ उच्चारली. लाजराच्या कबरेकडे जाताना तो रडला, तेही थोड्याच वेळात त्याला उठवणार हे ठाऊक असताना.

माझी गोष्ट सांगते. आमचा टिपर होता, खाणीचा माल वाहणारा ट्रक, कुडचड्याला. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं. पावसाळ्यात गाडी तशीही घरामागे उभीच असायची, ऑक्टोबरात सुरू व्हायची. त्या ऑक्टोबरात झाली नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येत राहिला. पुढच्या पावसात चाकांभोवती टाकळा गुडघाभर वाढला आणि ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साचून डास झाले. त्याच दिवसांत प्रार्थनेला आलेल्या एका माणसाने मला सांगितलं, "ताई, फक्त स्तुती करा. तक्रार केली की सैतानाला जागा मिळते." मी ते प्रमाण मानलं. कितीतरी महिने सकाळी स्तुती केली. आणि एक दिवस प्रभूची प्रार्थना म्हणताना "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीवर अडकले. पुढची ओळ तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मागच्या दारी गेले, गाडीच्या बंपरवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, "प्रभू, मला तुझा राग आला आहे." आकाश कोसळलं नाही. कितीतरी दिवसांनी ते एक वाक्य मी त्याच्याशी खरं बोलले होते.

गाडी पुढे विकली. तिच्यात घातलेल्या पैशांच्या अर्ध्याहून कमी किंमत आली. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पण त्या दिवसानंतर प्रार्थना पुन्हा पुढे सरकली.

करायचं असं:

1. "हे परमेश्वरा" किंवा "बापा" असं संबोधन लिहा. विलाप आणि नुसतं रडगाणं यांतला फरक या एका शब्दात आहे. तुम्ही कुणाशी तरी बोलत आहात.
2. काय झालं ते एका वाक्यात, तारीख, रक्कम, माणूस यांसकट लिहा. "माझ्यावर संकट आहे" असं लिहू नका. "शनिवारपर्यंत शाळेची फी भरायची आहे आणि घरात आठशे रुपये आहेत" असं लिहा.
3. मनात जे आहे त्याला नाव द्या. भीती, राग, लाज, हेवा, थकवा. एकच, जे सगळ्यांत वर आहे ते.
4. काय हवं ते स्पष्ट मागा. स्तोत्र 13 च्या तिसऱ्या वचनात दावीद "माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे" असं उघड मागतो.
5. स्तोत्र 13 चा शेवट मोठ्याने वाचा, मनात तसं वाटत नसलं तरी. दाविदालाही संकट टळल्यामुळे तो सूर सापडलेला नव्हता. वाटत नसेल तर तेही वहीत लिहून ठेवा.

इशारा: रानात इस्राएल लोकांवर देव रागावला तो कुरकुरीवरून, हे खरं. पण शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकातलं 1:27 नीट वाचा. ते आपापल्या तंबूत बसून कुरकुरत होते, देवाच्या पाठीमागे, एकमेकांच्या कानात. गाऱ्हाणं देवाच्या तोंडावर घालतात. शेजारणीशी तासभर बोलून झालं आणि देवाशी मिनिटभरही बोलणं नाही, असं असेल तर ती कुरकुर आहे.

तपासणी: लिहिलेलं परत वाचा. हे उद्या मंडळीत सगळ्यांसमोर वाचायला लाज वाटेल का? थोडी तरी वाटली पाहिजे. मुळीच वाटत नसेल तर अजून खरं लिहिलेलं नाही.

## पायरी 3: आठवणीचे दगड

पुढची तीन मिनिटं. यहोशवा 4 मध्ये यार्देन नदी ओलांडल्यावर बारा वंशांचे बारा दगड नदीच्या पात्रातून उचलून पलीकडे मुक्कामाच्या जागी ठेवायला सांगितलं आहे. पुढे मुलं विचारतील, हे दगड कसले? तेव्हा सांगता यावं म्हणून. संकटात आठवण आधी पुसली जाते, हे देवाला माहीत आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर असे बारा प्रसंग लिहा, जिथे तुम्हाला सांभाळलं गेलं. ही यादी एकदाच करायची, बरी वेळ असताना, आणि ती घरगुती असावी: "2009, आईचं ऑपरेशन, रक्त देणारा मिळाला." "दहावीच्या परीक्षेआधी शिक्षकांनी स्वतः घरी येऊन गणित शिकवलं." सकाळी त्यांतला फक्त एक प्रसंग वाचा. स्तोत्र 77 मध्येही असंच घडतं. पहिल्या निम्म्या भागात झोप न येणारा माणूस आहे, मग तो म्हणतो, मी परमेश्वराची कृत्यं आठवीन, आणि तिथून स्तोत्राचा सूर फिरतो. त्याच्या घरची परिस्थिती त्या रात्री पालटली, असं स्तोत्रात कुठेच म्हटलेलं नाही.

बारा प्रसंग सुचत नसतील तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तुम्ही लहान असताना काय काय टळलं, हे तुम्हाला माहीतच नसतं.

## पायरी 4: आता आभार

आता कुठे आभाराची पाळी आली. पाच मिनिटं द्या.

नियम एकच: आभार मोजता येईल, दाखवता येईल अशा गोष्टीचे माना. "आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल, सर्व आशीर्वादांबद्दल" असं रोज लिहिलं की आठव्या दिवशी हात आपोआप लिहितो आणि मन दुसरीकडे असतं. त्याऐवजी काल घडलेल्या तीन गोष्टी लिहा: फेरीबोट सुटता सुटता खलाश्याने हात देऊन वर घेतलं, फणसाचे गरे शेजारून आले, मुलाने विचारल्याशिवाय ताट उचललं. कालची गोष्ट आज पुन्हा लिहायची नाही.

इथे एक मोठा घोळ होतो. 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 मध्ये सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं आहे. सर्व स्थितीत म्हणजे त्या स्थितीत असताना. नवरा दारू पिऊन मारतो, म्हणून त्या माराबद्दल देवाचे आभार मान, असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. हे शास्त्र नव्हे. कुणी म्हणेल, इफिसकरांस 5:20 मध्ये "सर्व गोष्टींबद्दल" असं आहे ना? आहे. पण त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात अंधाराच्या कर्मांचे भागीदार होऊ नका, उलट ती उघडकीस आणा, असंही आहे. ही पत्रं लिहिणारा पौल एकाच पानावर दुष्टपणा उघडा पाडायला सांगतो आणि त्या दुष्टपणाबद्दल आभारही मानायला सांगतो, असं होणार नाही.

इशारा: घरात मारहाण होत असेल तर आभाराची वही मिटा आणि मदत घ्या. महिलांसाठीची हेल्पलाइन 181 आहे, तातडीला 112. त्या मारातून बाहेर पडणं विश्वासाच्या विरुद्ध नाही.

## पायरी 5: एक वचन, पण मागच्या-पुढच्यासकट

उरलेली पाच मिनिटं एका वचनावर. वचन सुटं उचललं की ते ताईतासारखं वापरलं जातं, आणि ताईत चालला नाही की माणूस देवावर रुसतो. दोन उदाहरणं बघा, कारण ही दोन वचनं गोव्यातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर सापडतील.

यिर्मया 29:11. तुमच्या हिताच्या योजना, आशेचा भविष्यकाळ. सुंदर वचन आहे. आता त्याच्या आधीचं, दहावं वचन वाचा: बाबेलमध्ये सत्तर वर्षं पुरी झाल्यावर. ज्यांना हे पत्र गेलं त्यांतले बहुतेक लोक सुटका पाहायला जिवंत राहणार नव्हते. मग त्यांनी काय करावं? पाचवं वचन सांगतं: घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा. म्हणजे ही आशा पुढच्या सोमवारी मिळणाऱ्या नोकरीची हमी देत नाही. परक्या गावात, लांबलेल्या वाट पाहण्यातही आज रोप लावता येईल असं बळ ती देते. बोट लागण्याची वाट पाहत सहा-सहा महिने घरी बसणाऱ्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, मुलांना मी हेच वचन देते, पण पाचव्या ओळीपासून वाचायला लावते.

फिलिप्पैकरांस 4:13, मला शक्ती देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करण्यास समर्थ आहे. परीक्षेच्या आणि फुटबॉलच्या सामन्याच्या आधी हे हमखास म्हटलं जातं. पण बाराव्या वचनात पौल काय सांगतो ते पाहा: तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही मी शिकलो आहे. तो बेड्यांत असताना लिहितो आहे. त्याचं "सर्व काही" म्हणजे भुकेतही टिकणं.

तेव्हा रीत अशी: आवडलेल्या वचनाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वचनं वाचा. कोण बोलतं, कुणाला, कुठल्या अडचणीत, हे एका ओळीत लिहा. मग तुमच्या अडचणीशी ते कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, तेही लिहा. आठवडाभर तेच वचन ठेवा. रोज नवं घेतलं तर एकही रुजत नाही.

तपासणी: हे वचन तुम्ही कॅन्सरच्या रुग्णाच्या खाटेशेजारी, त्याचा हात हातात धरून वाचू शकाल का? वाचवत नसेल तर तुम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला आहे.

## पायरी 6: आजच्यापुरतं एक काम

वही मिटण्याआधी एक ओळ लिहा: आज मी काय करणार. एकच काम, संध्याकाळपर्यंत संपणारं. निर्गम 16 मध्ये मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, रोजचा रोज गोळा करायचा होता. उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. काळजीचंही तेच होतं. उद्याची आज साठवली की तिला वास सुटतो.

"कर्ज फेडणे" हे आजचं काम नव्हे. "बँकेत जाऊन हप्ता लांबवण्याचा अर्ज कसा करायचा ते विचारणे" हे आजचं काम आहे. "भावाशी समेट" नको; "भावाला वाढदिवसाचा फोन" चालेल.

## पायरी 7: रात्रीची दहा मिनिटं

1542 मध्ये गोव्यात आलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची उजळणी करण्याची पाच टप्प्यांची रीत घालून दिली. ती आजही जगभर वापरली जाते. प्रॉटेस्टंट वाचकांनी बिचकू नये, तिच्यात शास्त्राबाहेरचं काही नाही.

दिवसाबद्दल आभार. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागणं, म्हणजे दिवस आपल्या नव्हे, त्याच्या नजरेने दिसावा. मग सकाळपासून तासातासाने दिवस पुन्हा पाहणं. जिथे चुकलं तिथे क्षमा. शेवटी उद्यासाठी एक निश्चय.

सकाळी गाऱ्हाणं आधी आणि रात्री आभार आधी, असं का, हे मला नेहमी विचारतात. सकाळी दिवस पुढे असतो, गाऱ्हाण्यातून कामाची वाट निघते. रात्री दमलेलं मन अंधारात प्रत्येक गोष्ट मोठी करून दाखवतं, आणि गाऱ्हाणं तर सकाळीच देवाकडे जमा झालेलं आहे. ते पुन्हा उकरू नका. रात्री साडेदहानंतर कुठल्याही नात्याचा, नोकरीचा किंवा पैशाचा विचार पूर्णत्वाला नेऊ नका.

याच इग्नेशियसचा आणखी एक सल्ला माझ्या फार उपयोगी पडला. मन कोरडं पडलेलं असताना, देव दूर गेल्यासारखा वाटत असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. नोकरी सोडणं, मंडळी सोडणं, लग्न मोडणं, गाव सोडणं, काहीही असो. अशा दिवसांत प्रार्थना उलट थोडी वाढवावी. वीस मिनिटं बसत असाल तर एकवीस बसा. (जिवाला धोका असेल तिथे हा सल्ला लागू नाही. तिथून आधी बाहेर पडा.)

## पायरी 8: आठवड्यातून एक दार

एकट्याने वहीवर चालवलेली आशा दोन-तीन महिन्यांत वाळते. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जा, किंवा कुणाला तरी आपल्या घरी येऊ द्या.

दुःख झालेल्या घरी काय बोलावं, यावर शास्त्रातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पाहा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तोवर सगळं बरोबर होतं. त्यांनी तोंड उघडून कारणं द्यायला सुरुवात केली आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. तेव्हा "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात", "जे होतं ते बऱ्यासाठी", "रडू नका, तो देवाघरी आहे", यांतलं काही बोलू नका. रोमकरांस 8:28 खरं आहे, पण ते ज्याच्यावर वेळ आली त्याने स्वतः म्हणायचं वचन आहे, आपण त्याच्या तोंडावर फेकायचं नव्हे. त्याच पत्रात 12:15 मध्ये आपल्यासाठी सोपं काम दिलेलं आहे: रडणाऱ्यांबरोबर रडा.

काय करावं? गोव्यात मृत्यूनंतर सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. महिन्याच्या मिस्सालाही लोक येतात. त्यानंतर कुणी फिरकत नाही. तुम्ही सहाव्या आठवड्यात जा. डब्यात सोलकढी आणि भात न्या, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा. लोक नाव घ्यायला घाबरतात, घरच्यांना मात्र ते नाव ऐकायचं असतं.

आणि तुमच्यावर वेळ असेल तर निदान एका माणसाला वहीतलं पायरी 2 चं पान वाचून दाखवा. पाळक, फादर, बहीण, जुनी मैत्रीण, कोणीही. जो ऐकताना मध्येच वचन सांगू लागतो तो या कामाचा नाही. दुसरा शोधा.

## कुठे थांबून डॉक्टरकडे जायचं

दोन आठवडे किंवा जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास, कशात रस नाही, झोप उडालेली किंवा अतिझोप, भूक गेलेली, स्वतःबद्दल घृणा, असं असेल तर ही वही पुरेशी नाही. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. गोव्यात बांबोळी इथे मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्था आहे, बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

"विश्वास असता तर गोळी लागली नसती" असं कुणी म्हणालं तर 1 तीमथ्य 5:23 दाखवा. पौल आपल्या लाडक्या शिष्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. नुसती प्रार्थना कर, असं सांगून तो थांबत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. डॉक्टरने दिलेली गोळी प्रार्थनेच्या जोरावर मध्येच बंद करू नका. बंद करायची असेल तर डॉक्टरशी बोलून, सावकाश.

## पहिल्या आठवड्याची आखणी

वाचायची स्तोत्रं अशी (पायरी 5 चं वचन मात्र आठवडाभर तेच राहतं): सोमवारी स्तोत्र 13. मंगळवारी 42 आणि 43 एकत्र, ती मुळात एकच असावीत असं वाटतं, कारण "माझ्या जिवा, तू का खिन्न झालास" ही ओळ दोन्हींत मिळून तीनदा येते. बुधवारी 77, त्या दिवशी बारा दगडांची यादीही लिहून काढा. गुरुवारी 88, ते अंधारात संपतं तसंच संपू द्या, गोड शेवट जोडू नका. शुक्रवारी 22, पूर्ण. शनिवारी 103.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं एकदम वाचू नका, जिथे होता तिथून पुढे चला. चुकलेल्या दिवसाची भरपाई करायला गेलेली माणसं पंधरवड्यात सोडून देतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

रविवारी 136. त्यात 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे" हे पालुपद येतं. जेवणाआधी घरातल्या एकाने पहिला अर्धा भाग वाचावा, बाकीच्यांनी मिळून पालुपद म्हणावं. लहान मुलं तिसऱ्या वचनापासून आपोआप म्हणू लागतात. घरात एकटेच असाल तर दोन्ही भाग तुम्हीच मोठ्याने वाचा.